वाचकांचे प्रश्न : नवा खांदा, जुनी कामे

गुडघ्याचा सांधा बदललेली माणसे आता कोल्हापुरात गल्लोगल्ली भेटतात आणि त्यांच्या अनुभवाचे सल्लेही मागितल्याशिवाय मिळतात. खांदा बदललेला माणूस मात्र अजून विरळा. त्यामुळे ज्याची ही शस्त्रक्रिया होते, त्याला शेजारपाजारचे लोक गुडघ्याचेच नियम ऐकवतात : लवकर हलवा, दुखले तरी वाकवा, नाहीतर सांधा आखडेल. गुडघ्याच्या बाबतीत हे पुष्कळ अंशी खरे आहे. खांद्याच्या बाबतीत पहिले तीन महिने यानेच नुकसान होते. या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांच्या मुळाशी हा घोटाळा दिसला, म्हणून एकच गोष्ट दोन-तीन उत्तरांत पुन्हा आली आहे आणि ती मी मुद्दाम काढलेली नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझे काम टाके निघाल्यावर सुरू होते. तुमच्या शल्यचिकित्सकांनी कागदावर लिहून दिलेली मर्यादा आणि माझे उत्तर यांत फरक दिसला, तर त्यांचा कागद खरा मानावा, कारण आत काय शिवले आहे आणि हाड कितपत मजबूत आहे हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते.

प्रश्न : मी ६६ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे, रंकाळ्याजवळ राहते. उजव्या खांद्याचा सांधा झिजल्यामुळे पाच आठवड्यांपूर्वी तो बदलला. पूर्वी रात्र रात्र झोप नसे. आता ठणका अजिबात नाही. तरीही सहा आठवडे गळ्यातली झोळी काढू नका, हात स्वतःहून उचलू नका, असे सांगितले आहे. दुखतच नसेल तर हे बंधन कशासाठी? सून नोकरी करते, घरातल्या भाकरी मीच थापत असे. त्या कधीपासून थापू?

तुमचा ठणका थांबला, कारण तो हाडावर हाड घासल्यामुळे होता आणि घासणारे दोन्ही पृष्ठभाग आता तिथे राहिलेलेच नाहीत. दंडाच्या हाडाच्या डोक्याच्या जागी धातूचा गोळा बसला आहे आणि खांद्याच्या पात्याच्या, म्हणजे ज्याला आपण फरा म्हणतो त्याच्या खोबणीत पॉलिएथिलिनची वाटी बसली आहे. धातूला आणि प्लास्टिकला दुखत नाही. पण सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी शल्यचिकित्सक बहुतेक वेळा खांद्याच्या पुढच्या बाजूने जातात, आणि त्या वाटेवर सबस्कॅप्युलॅरिस नावाचा एक रुंद स्नायू आडवा असतो. हात पोटाकडे आत वळवण्याचे काम त्याचे. त्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडापासून सोडवावी लागते आणि नवा सांधा बसवून झाल्यावर ती परत शिवावी लागते. तुमची झोळी या शिवणीसाठी आहे, सांध्यासाठी नव्हे. सांधा पहिल्या दिवसापासून पक्का असतो. कंडरेला रक्तपुरवठा कमी असल्याने तिला हाड घट्ट धरायला सुमारे १२ आठवडे लागतात, आणि या काळात ती फारशी दुखतही नाही.

स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी तो वरून कडक दिसतो, त्यावरून चालताही येते. पण तेवढ्यावरून कोणताही गवंडी खालचे सेंट्रिंग दुसऱ्या दिवशी काढत नाही. तुमचे पाच आठवडे म्हणजे अजून सेंट्रिंगचे दिवस आहेत.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, त्याला माझ्याच हातून झालेली एक चूक कारण आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात सातव्या आठवड्यात एक गृहस्थ आले. वेदना नाही, हात सहज पुढे येतो, चेहरा प्रसन्न. मी त्यांच्या प्रसन्न चेहऱ्यावर विश्वास ठेवला आणि रबरी पट्टा आत ओढण्याचा व्यायाम ठरलेल्या वेळेच्या महिनाभर आधी दिला. पुढच्या खेपेला त्यांना तळवा पोटावर दाबायला सांगितले, तेव्हा कोपर पुढे राहीना, मागे घसरू लागले. शिवण सुटली होती. दुखले का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "तसं काही नाही, एकदा कट् असा आवाज झाला होता." त्यांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. त्यानंतर मी रुग्णाच्या वेदनेआधी कॅलेंडर पाहते.

पहिल्या सहा आठवड्यांत तुमच्या शिवणीला चार गोष्टी बाधतात. कोपर कमरेजवळ असताना हाताचा पंजा बाहेरच्या बाजूला ठरवून दिलेल्या कोनापलीकडे नेणे, जसे की मोटारीच्या मागच्या सीटवरची पिशवी पुढे बसून ओढणे. हात जोर लावून आत दाबणे, जसे की कणीक मळणे किंवा कपाटाचे घट्ट दार खेचून लावणे. हात पाठीमागे नेणे. आणि खुर्चीतून किंवा पलंगावरून उठताना त्या तळव्यावर भार देणे. बोटे, मनगट आणि कोपर मात्र दिवसातून अनेकदा हलवत राहावे, नाहीतर पंजा सुजतो. पुढे वाकून हात हत्तीच्या सोंडेसारखा सैल सोडून हळूहळू झुलवणे, उताणे झोपून डाव्या हाताने उजवा हात वर नेणे, हे व्यायाम तुम्हाला शिकवले असतीलच. कोपर अंगालगत ठेवून घास घेणे, पेन धरणे, चहाचा कप उचलणे यालाही सहसा आडकाठी नसते. रात्री पूर्ण आडवे न होता पाठीला दोन-तीन उशा लावून रेलून झोपा आणि कोपराखाली एक चादर घडी करून ठेवा, म्हणजे झोपेत दंड मागे पडत नाही. ब्लाउज घालताना शस्त्रक्रियेचा हात आधी घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. पुढून हुक असलेले दोन ब्लाउज शिवून घेतलेत तर पुष्कळ त्रास वाचेल.

आता भाकरी. भाकरी थापताना तळव्याचा भार खाली जातो आणि त्याच वेळी हात आत वळत असतो. म्हणजे नेमके त्याच स्नायूचे काम. सहाव्या आठवड्यानंतर झोळी सुटेल, हात स्वतःच्या बळावर वर येऊ लागेल, तेव्हाही थापणे नको. १२ आठवडे झाल्यावर, जमिनीवर बसून नव्हे तर ओट्यावर परात ठेवून, आधी एक भाकरी थापा आणि दुसऱ्या दिवशी खांदा काय म्हणतो ते पाहा. बिडाचा तवा उचलण्याचे काम त्यानंतरही काही महिने दुसऱ्याकडे असू द्या. तोवर घरात चपाती चालेल. पांढऱ्या रश्शाबरोबर भाकरीच हवी हे मलाही मान्य आहे, पण ती काही आठवडे विकत आणता येते.

प्रश्न : आमचे गाव राधानगरी तालुक्यात आहे. आईचे वय ७४. तिच्या डाव्या खांद्याचे स्नायू कित्येक वर्षांपासून फाटलेले होते, हात छातीच्या वर जात नव्हता. दोन आठवड्यांपूर्वी सांधा बदलला. घरी आल्यावर एक्स-रे पाहून कोणीतरी म्हणाले की गोळा आणि वाटी उलट्या जागी बसल्या आहेत. कागदावरही 'रिव्हर्स' असे लिहिले आहे. चूक झाली असेल का? आई नऊवारी नेसते, तिचे पुढे कसे करायचे?

चूक झालेली नाही. तुमच्या आईला बसवलेल्या सांध्याचे नावच उलटा सांधा आहे आणि तिच्यासारख्या खांद्यासाठीच तो तयार झाला. निसर्गतः गोळा दंडाच्या हाडावर आणि खोबण पात्यावर असते, आणि हात उचलताना गोळा खोबणीत धरून ठेवण्याचे काम रोटेटर कफ नावाचे चार लहान स्नायू करतात. ते फाटून निकामी झाले असतील तर साधा नवा सांधा बसवून उपयोग होत नाही. हात उचलायला गेले की गोळा वर सरकतो. पॉल ग्रामाँ या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १९८५ मध्ये ही मांडणीच फिरवली : गोळा पात्यावर आणि वाटी दंडाच्या हाडावर. त्यामुळे सांध्याचा फिरण्याचा बिंदू आत आणि खाली सरकतो, खांद्यावरच्या डेल्टॉइड या मोठ्या स्नायूला लांब तरफ मिळते आणि फाटलेल्या स्नायूंचे काम तो एकटा उचलतो. तुमच्या आईचा हात काही महिन्यांनी डोक्यापर्यंत जाईल, केस विंचरता येतील, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

या सांध्याचा धोका वेगळा आहे. हात मागे गेला, अंगालगत आला आणि आत वळला, या तीन गोष्टी एकाच वेळी झाल्या की तो निखळू शकतो. पहिले १२ आठवडे ही भीती जास्त असते. कागदावर वाचले की ही स्थिती दुर्मीळ वाटते. प्रत्यक्षात आपल्याकडच्या बायका दिवसातून कितीतरी वेळा याच स्थितीत हात नेतात. नऊवारीचा काष्टा मागे खोचताना हात कुठे असतो ते एकदा आठवून पाहा. परकराची नाडी मागून सारखी करणे, पाठ खाजवणे, जमिनीवरून उठताना मागे हात टेकणे, हे सगळे त्यातच येते. आणखी एक गोष्ट कोणी विचारत नाही आणि बऱ्याच ठिकाणी कोणी सांगतही नाही, ती अशी की शौचानंतर धुण्यासाठी डावा हात मागून नेला जातो. तुमच्या आईचा डावाच खांदा बदलला आहे. तेव्हा निदान तीन महिने त्यांनी उजवा हात वापरावा किंवा पाण्याचा फवारा बसवून घ्यावा, आणि शक्य असेल तर कमोडची खुर्ची वापरावी. हे सांगताना संकोच वाटतो हे खरे, पण खांदा निखळल्याच्या ज्या घटना मी पाहिल्या, त्यांतली एक न्हाणीघरातच घडली होती.

आईला इतका एकच नियम पाठ करायला सांगा : डावे कोपर नेहमी स्वतःच्या नजरेला दिसले पाहिजे. कोपर दिसेनासे झाले, म्हणजे हात मागे गेला. तीन महिने त्यांनी गाऊन किंवा दुसऱ्या कोणी नेसवलेली सहावारी वापरावी. त्यानंतर नऊवारी नेसायला हरकत नाही, पण काष्टा उजव्या हाताने किंवा सुनेच्या मदतीने खोचावा. हात वर जाण्याच्या बाबतीत हा सांधा उदार आहे, पाठीमागे जाण्याच्या बाबतीत बहुतेकांना काही ना काही उणीव कायमची राहते, आणि ती भरून काढण्यासाठी हात ओढून मागे नेण्याचा व्यायाम कोणी सुचवला तर तो करू नये. हाडे बसवणारे आणि तेल लावून चोळणारे अनुभवी हात आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. मुरगळलेल्या पायाला त्यांचा उपयोग होत असेल, बदललेल्या खांद्याला नको.

प्रश्न : कागल तालुक्यातला शेतकरी, वय ५९. उजवा सांधा बदलून दोन महिने झाले, साधा प्रकार आहे. दोन म्हशी, दीड एकर ऊस. धार काढणे, वैरण आणणे, औषध फवारणे ही कामे केव्हा सुरू करता येतील? घरचे म्हणतात आता शेती सोडा.

शेती सोडू नका. पण सगळी कामे एका मापाने मोजू नका, कारण जे काम अवघड वाटते ते खांद्याला सोपे असते आणि जे किरकोळ वाटते ते घातक ठरते.

धार काढण्याचेच पाहा. उकिडवे बसल्यावर बादली गुडघ्यांत, दोन्ही कोपरे अंगापुढे, हात छातीच्या खाली, आणि सगळा जोर बोटांचा व मनगटाचा. खांद्याच्या दृष्टीने ही स्थिती चांगली आहे. १२ आठवडे पूर्ण झाल्यावर शांत स्वभावाच्या म्हशीपासून सुरुवात करा, पहिले काही दिवस अर्धी धार तुम्ही आणि उरलेली घरातल्या दुसऱ्या कोणी काढावी. धोका आहे तो धारेच्या आधी आणि नंतर. म्हैस खुंट्याला नेताना तिने मान झटकली की दावे हाताला एकदम हिसका देते, आणि तयारी नसताना बसलेला हिसका हळूहळू उचललेल्या ओझ्यापेक्षा अधिक नुकसान करतो. दावे डाव्या हातात धरा, ते उजव्या पंजाला गुंडाळून तर कधीच घेऊ नका. उठताना उजवा हात जमिनीला टेकू नका. डाव्या हाताने गव्हाणीचा आधार घ्या.

ओझ्याच्या बाबतीत प्रत्येक शल्यचिकित्सकाची मर्यादा वेगळी असते. मी माझ्या रुग्णांना, पूर्ण बरे झाल्यानंतरही, बदललेल्या हाताने नेहमीचे ओझे १० किलोच्या आत ठेवा आणि तेही अंगालगत धरा असे सांगते. दहा लिटर दुधाची किटली म्हणजे तुमची मर्यादा संपली. पाण्याने भरलेली १५ लिटरची बादली त्याच्या पुढे जाते. गुळाचा ३० किलोचा रवा, भरलेला गॅस सिलिंडर, खताचे ५० किलोचे पोते, ही कामे आता कायमची दुसऱ्याची. वैरणीचा भारा डोक्यावर घेताना दोन्ही हात वर जाऊन भार तोलतात, म्हणून भारा नको. हातगाडी किंवा बैलगाडी वापरा. बसून खुरपणे चौथ्या महिन्यापासून चालेल. ऊसतोडीचा कोयता मात्र नको, कारण प्रत्येक घाव सांध्यात परत येतो.

फवारणीचा पाठीवरचा पंप १६ लिटरचा असतो, औषध भरल्यावर त्याचे वजन १६ किलोंहून बरेच जास्त होते आणि तो सगळा भार दोन पट्ट्यांवर, म्हणजे खांद्याच्या वरच्या हाडावर येतो. शिवाय तो पाठीवर चढवताना हात मागे जातो. पंप बांधावर ठेवून लांब नळीने फवारणे किंवा मजूर लावणे हे दोनच मार्ग आहेत. घरच्यांना सांगा की तुम्ही शेती सोडली नाही, ओझी सोडली.

प्रश्न : मी तालमीत वाढलेला माणूस, वय ६२. तरुणपणी कुस्त्या केल्या, आता पोरांना शिकवतो. डाव्या खांद्याचा सांधा बदलून सहा महिने झाले. जोर, मुद्गल आणि पोरांबरोबर थोडी खडाखडी केव्हा सुरू करू?

तुमच्या पत्रातला 'थोडी' हा शब्द मला पटला नाही. राजर्षी शाहूंनी खासबागेचे मैदान उभारले त्या १९१२ सालापासून या गावात थोडी खडाखडी कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

स्पष्ट सांगायचे तर खडाखडी नाही, सहा महिन्यांनी नाही आणि सहा वर्षांनीही नाही. समोरच्या पोराने हात मुरगळला किंवा तुम्ही हातावर पडलात, तर सांधा निखळेल किंवा सांध्याच्या दांडीभोवतीचे दंडाचे हाड मोडेल, आणि आत धातू असलेले हाड जोडणे साध्या हाडापेक्षा पुष्कळ कठीण असते. जोर काढतानाही शरीराचा मोठा भार दोन तळव्यांवरून थेट पात्यावरच्या वाटीवर येतो. गोळा वाटीच्या कडेवर दाबला गेला की वाटी होडीसारखी डुलते. हे हजारो वेळा झाले की ती हाडापासून सैल पडते. मुद्गलात तर वजन डोक्यामागून फिरते. हे तीनही प्रकार बंद.

बैठका मारा, त्यांत खांद्याचे काहीच नाही. पहाटे रंकाळ्याला फेरी मारा. रबरी पट्ट्याने किंवा एक-दोन किलोच्या वजनाने, कोपर कमरेजवळ ठेवून, जास्त वेळा पण हलका व्यायाम करा. वस्ताद म्हणून हौद्याच्या कडेला उभे राहून डाव सांगा, आणि डाव दाखवायचाच असेल तर दोन पोरे समोर उभी करून त्यांच्या हातांवर दाखवा. शड्डू उजव्या हाताने ठोकायला माझी काहीही हरकत नाही.

प्रश्न : पंचगंगेत पोहण्याची लहानपणापासूनची सवय आहे. पुन्हा पोहता येईल का? (वय ६४, कोल्हापूर)

येईल, पण सुरुवात स्वच्छ तलावात करा. जखम पूर्ण भरली असेल आणि शल्यचिकित्सकांनी परवानगी दिली असेल तर चौथ्या महिन्याच्या आसपास छातीपुढे हात फाकवून पोहण्याचा संथ प्रकार सुरू करता येतो. हात डोक्यावरून फिरवत पोहायला सहा महिने थांबा, आणि उलटा सांधा असेल तर त्या प्रकाराचा आग्रह धरू नका. घाटावरून सूर मारणे आणि नदीला ओढ असताना पाण्यात उतरणे बंद.

प्रश्न : दुचाकी केव्हा चालवू? मोटरसायकल आहे, उजवा हात.

झोळी असेपर्यंत अजिबात नाही, आणि झोळी सुटल्यावरही लगेच नाही. बहुतेकांना १० ते १२ आठवडे लागतात. त्याआधी गाडी स्टँडवर उभी असतानाच तिच्यावर बसून पाहा : हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का, एकदम ब्रेक दाबता येतो का, मान वळवून मागे पाहताना खांदा अडतो का. यांत एकही गोष्ट अडखळली तर आणखी दोन आठवडे मागे बसा. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि गतिरोधक हँडलमधून सरळ खांद्यात उतरतात, याचाही हिशेब ठेवा. गाडी मेन स्टँडवर ओढून चढवण्यात मोठा हिसका असतो. ती कायम साइड स्टँडवर लावा. केएमटीच्या बसमध्ये उभे राहण्याची वेळ आली तर वरचा दांडा डाव्या हाताने धरा.

प्रश्न : माझ्या पत्नीचा खांदा बदलून नऊ महिने झाले. पाच महिने उत्तम गेले. त्यानंतर हात हळूहळू आखडू लागला आणि मंद दुखणे सुरू झाले. ताप नाही, जखम कोरडी आहे, रक्ताची तपासणीही ठीक आली. व्यायाम वाढवावा का? (गडहिंग्लज)

व्यायाम वाढवू नका, शल्यचिकित्सकांना दाखवा, आणि पुढच्या अंकाची वाट न पाहता याच आठवड्यात दाखवा. चांगला चालणारा खांदा काही महिन्यांनी कारण नसताना आखडू लागला, तर सर्वात आधी जंतुसंसर्ग नाही ना हे पाहावे लागते. खांद्यात हा प्रकार विशेष फसवा असतो. क्युटिबॅक्टेरियम ॲक्निस नावाचा एक जंतू आपल्या खांद्याच्या, काखेच्या आणि छातीच्या त्वचेवरील तैलग्रंथींमध्ये मुळातच राहतो. तो सांध्यात शिरला तर गडबड करत नाही. ताप येत नाही, पू येत नाही, रक्ताची तपासणीही अनेकदा नेहमीसारखीच येते. तो इतका सावकाश वाढतो की सांध्यातील पाण्याचा किंवा आतल्या पेशींचा नमुना प्रयोगशाळेत १४ दिवसांपर्यंत ठेवावा लागतो. नेहमीच्या काही दिवसांच्या तपासणीत तो निसटतो आणि अहवाल निर्दोष येतो. म्हणून नमुना देताना तो किती दिवस ठेवणार आहेत हे विचारावे. जगातला पहिला कृत्रिम खांदा १८९३ मध्ये पॅरिसमध्ये पेआँ या शल्यचिकित्सकाने बसवला, तोही पुढे दोन वर्षांनी संसर्गामुळेच काढावा लागला होता. आज ही वेळ फार थोड्यांवर येते, पण लवकर कळले तर उपचार पुष्कळ सोपे जातात. पत्नीला मधुमेह असेल तर साखर काबूत ठेवणे आणि दात किडलेले असतील तर तेही दाखवून घेणे हा याच काळजीचा भाग आहे.

त्यांना उलटा सांधा बसवलेला असेल तर दुसरीही शक्यता तपासावी. डेल्टॉइड जिथून निघतो ते खांद्याचे वरचे टोक, त्या स्नायूवर आलेल्या नव्या ताणामुळे, ठिसूळ हाडाच्या माणसांत हळूहळू तडकते. बोटाने नेमके त्या टोकावर दाबल्यावर दुखत असेल तर तसे डॉक्टरांना सांगा. साध्या एक्स-रेत ही तड प्रत्येक वेळी दिसत नाही, सीटी स्कॅन करावा लागू शकतो. अशा वेळी तर वाढवलेला व्यायाम ही सर्वात वाईट गोष्ट ठरेल.

प्रश्न : नवा सांधा किती वर्षे टिकतो? विमानतळावर अडचण येते का?

दहांपैकी नऊ सांधे दहा वर्षांनंतरही आपल्या जागी काम करत असतात. ओझी आणि पडणे यांपासून जपले तर त्याहून पुढेही. विमानतळावर यंत्र वाजू शकते, तेव्हा शस्त्रक्रियेचा कागद जवळ ठेवा. सांध्याची कंपनी आणि क्रमांक लिहिलेले कार्ड मात्र जन्मभर जपून ठेवा, कारण एमआरआय करण्यापूर्वी आणि पुढे कधी सांधा पुन्हा बदलावा लागला तर ते मागितले जाते.

प्रश्न : आमच्या घराण्याकडे जोतिबाच्या सासनकाठीचा मान आहे. डिसेंबरमध्ये माझा उजवा खांदा बदलला, वय ६१. चैत्र पौर्णिमेला चार महिने होतील. काठी उचलू का? नाही उचलली तर मान जाईल असे वडीलधारे म्हणतात.

काठी उचलू नका, या वर्षीही नाही आणि पुढेही नाही. ती कमरेला तोलली तरी वाऱ्याने आणि गर्दीच्या लोटाने कोणत्या क्षणी कोणत्या बाजूला कलेल ते कोणालाच सांगता येत नाही, आणि ती सावरायला हात आपसूक वर जाऊन ओढ घेतो. काठी तोलण्यासाठी बांधलेले दोर धरणे हलके काम समजून अनेकजण ते मागून घेतात. तेही नको, कारण तिथे हिसक्याशिवाय दुसरे काही नसते. मानाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही, पण मान घराण्याचा असतो आणि घराण्यात तुमचा मुलगा किंवा पुतण्याही आहे. काठी त्याच्या हाती द्या, पूजा तुम्ही करा, आणि वाडी रत्नागिरीचा डोंगर चढायचा असेल तर चार महिन्यांनी पायांना कसलेच बंधन नाही.

गुलाल-खोबरे डाव्या हाताने, कमरेच्या उंचीवरून उधळा. आणि एक युक्ती सांगते, ती माझ्या एका रुग्णाने मला शिकवली. त्या दिवशी गरज नसली तरी उजवा हात झोळीत ठेवा. झोळी दिसली की गर्दीतला माणूस त्या बाजूने धक्का द्यायचा थांबतो, आणि कोणी ओळखीचा प्रेमाने हात धरून ओढायला आला तर तोही हात आखडता घेतो.